सोळा तुकड्यांचा नकाशा

"बाई, ९३ वर अडकलंय."

जून २०१२ मधली गोष्ट. राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी संगणक शिकवते. लॅबमध्ये तेव्हा १४ यंत्रं होती, त्यातली ११ चालू. सगळ्यांवर विंडोज एक्सपी आणि सगळ्यांना पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसची लागण. फोल्डर उघडावं तर भलताच प्रोग्रॅम सुरू व्हायचा, मुलांनी महिनाभर खपून केलेलं काम एका सकाळी दिसेनासं व्हायचं. सगळं पुसून विंडोजच्या जागी उबुंटू ही मोफत प्रणाली घालायची असं मी ठरवलं. त्याच एप्रिलमध्ये उबुंटूची १२.०४ ही आवृत्ती आली होती. तिला पुढची पाच वर्षं दुरुस्त्या मिळणार होत्या आणि एक पैसाही लागणार नव्हता. लागणार होती ती फक्त सुमारे ७०० एमबीची एक फाइल.

शाळेची लाइन ५१२ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ६४ केबी. कागदावरच्या हिशोबाने तीन तासांत काम व्हायला हवं होतं. पण कोकणात पावसाळ्यात सलग तीन तास लाइट आणि लाइन दोन्ही राहणं म्हणजे नशीबच. पहिल्या दिवशी ४० टक्क्यांवर लाइट गेली. दुसऱ्या दिवशी ६५ वर लाइन तुटली. तिसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी यंत्रासमोर राखण करत बसली होती, तिने ९३ ची बातमी आणली आणि पाच मिनिटांत सगळं गेलं. दरवेळी ब्राउझर पुन्हा शून्यापासून सुरुवात करायचा. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

त्या संध्याकाळी पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, टोरेंटने उतरवा की." मी त्याच्यावर चिडलेच. टोरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे, एवढंच मला ठाऊक होतं आणि शाळेच्या लॅबमध्ये ते होऊ देणार नव्हते. त्याने शांतपणे सांगितलं, "बाई, उबुंटूवाले स्वतःच टोरेंट देतात. त्यांच्याच साइटवर आहे, बघा तरी."

पाहिलं. खरंच होतं. तिथून एक इवलीशी फाइल उतरली, मोबाइलवर काढलेल्या साध्या फोटोपेक्षाही लहान. ती उघडल्यावर खरी मोठी फाइल येऊ लागली. रात्री मी यंत्र चालू ठेवून घरी गेले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून लाइट तीनदा गेली. दरवेळी यंत्र सुरू केल्यावर फाइल जिथे थांबली होती तिथूनच पुढे निघाली. दुसऱ्या संध्याकाळी १०० आकडा दिसला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मला मात्र त्या टाळ्यांपेक्षा त्या दुपारचा एक प्रश्न जास्त लक्षात राहिला. टोरेंटच्या प्रोग्रॅममध्ये एक पट्टी असते. जेवढी फाइल आली तेवढी ती रंगते. राखण करणारी तीच मुलगी पट्टीकडे टक लावून बघत होती आणि म्हणाली, "बाई, ही डावीकडून उजवीकडे नाही भरत. कुठे पण ठिपके येतायत. मधलं आधी का येतं?" खाली एक यादी होती, आकड्यांचे पत्ते आणि शेजारी छोटे झेंडे: ब्राझील, पोलंड, जपान, जर्मनी. "आणि हे लोक कोण?"

तिच्या दोन प्रश्नांचं उत्तर शोधायला मला उन्हाळ्याच्या पुढच्या सुट्टीपर्यंतचा वेळ लागला. जे कळलं ते मी तेव्हापासून दरवर्षी नववीला एका खेळातून शिकवते. तोच इथे सांगते, कारण याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

रत्नागिरी जिल्ह्याचा एक नकाशा घेते आणि त्याचे १६ चौकोनी तुकडे करून प्रत्येकावर क्रमांक घालते. सोळा मुलं. प्रत्येकाने सगळे तुकडे आपल्या वहीत उतरवून पूर्ण नकाशा तयार करायचा. पहिली पद्धत अशी: सगळ्यांनी माझ्या टेबलासमोर रांग लावायची. मी एका वेळी एकाच मुलाला एकच तुकडा दाखवणार. सोळा मुलं गुणिले सोळा तुकडे, म्हणजे २५६ पाळ्या. तास संपतो तेव्हा रांग तशीच असते. आपण एखाद्या वेबसाइटवरून फाइल उतरवतो तेव्हा हेच होतं. एक सर्व्हर बाई म्हणून टेबलापाशी बसलेला असतो आणि रांगेत सगळं जग. मुलं वाढली की रांग वाढते. बाई आजारी पडल्या तर वर्ग बंद. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी निकालाच्या साइटची काय अवस्था होते, ती प्रत्येक पालकाने पाहिलेली आहे.

दुसरी पद्धत: मी प्रत्येक मुलाला एक वेगळा तुकडा देते. सोळा पाळ्यांत माझं काम संपलं. आता मुलं आपापसांत देवाणघेवाण करतात. ज्याच्याकडे मंडणगड आहे तो राजापूरवाल्याला मंडणगड दाखवतो आणि त्याचं राजापूर उतरवून घेतो. सगळे एकाच वेळी कामाला लागलेले असतात, त्यामुळे नीट जमलं तर अजून पंधरा फेऱ्यांत प्रत्येकाचा नकाशा पूर्ण. २५६ च्या जागी ३१. आणि या पद्धतीत मुलं वाढली तर शिकवणारे हातही वाढतात. टोरेंटचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे: इथे घेणारा प्रत्येक जण घेत असतानाच देणाराही असतो. पूर्ण नकाशा हातात यायची वाट त्याला बघावी लागत नाही. पहिला तुकडा मिळाल्या क्षणापासून तो कुणाच्या तरी उपयोगाचा असतो.

ज्याच्याकडे सगळे तुकडे आहेत आणि तरीही जो देत थांबलाय त्याला सीडर म्हणतात, बी पेरणारा. आणि एका फाइलभोवती जमलेल्या सगळ्यांना मिळून स्वार्म, म्हणजे थवा. त्या दुपारच्या झेंड्यांचं उत्तर हेच होतं. ती माणसं माझ्यासारखीच उबुंटू घेणारी होती. पोलंडमधलं कुणाचं तरी यंत्र माझ्या लॅबला एक तुकडा देत होतं आणि माझी लॅब, राजापुरातून, भर पावसात, ब्राझीलला दुसरा तुकडा देत होती. हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता.

आता ठिपक्यांचा प्रश्न. हा खेळ पहिल्यांदा खेळलो तेव्हा एक घोटाळा झाला. सात नंबरचा तुकडा ज्या मुलाकडे होता त्याची एसटी पावणेपाचची. तो नकाशा गुंडाळून निघून गेला आणि तोवर सात नंबर दुसऱ्या कुणीच उतरवला नव्हता. पंधरा वह्यांत पंधरा-पंधरा तुकडे आणि सगळ्यांच्या नकाशाला एकाच जागी भोक. दुसऱ्या दिवशी मुलांनी आपणहून नियम केला: जो तुकडा कमी जणांकडे आहे तो आधी घ्यायचा. टोरेंटचा प्रोग्रॅम नेमकं हेच करतो. आपल्या ओळखीच्या यंत्रांकडे कुठला तुकडा सगळ्यात दुर्मीळ आहे ते तो बघतो आणि तो आधी मागतो. म्हणून पट्टी डावीकडून उजवीकडे भरत नाही, ठिपक्याठिपक्यांनी भरते. त्या मुलीने जे टिपलं होतं ती यंत्राची गडबड नव्हती, दूरदृष्टी होती. कुणाचीही एसटी कधीही सुटू शकते हे गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे.

खेळात आणखी एक गोष्ट दरवर्षी घडते. एखादा मुलगा सगळ्यांच्या वह्या बघत फिरतो, स्वतःची मात्र छातीशी धरून ठेवतो. दोन-तीन फेऱ्यांत बाकीच्यांच्या लक्षात येतं आणि त्याला कुणी दाखवेनासं होतं. मी मध्ये पडत नाही. टोरेंट तयार करणाऱ्या ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००३ साली लिहिलेल्या निबंधात या वागण्याचा नीट हिशोब मांडला आहे. प्रत्येक यंत्र एका वेळी साधारण चौघांनाच देतं. कुणाला, तर जे आपल्याला जास्त वेगाने देतायत त्यांना. दर १० सेकंदांनी हा निर्णय नव्याने होतो. जो देत नाही त्याच्यासाठी दार लागतं, आणि तो देऊ लागला की पुन्हा उघडतं.

पण मग जो नुकताच आला आहे, ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याचं काय? खेळातही हे होतं, कुणीतरी उशिरा येतं, कोरी वही घेऊन. कोहेनने त्याचीही सोय केली. दर ३० सेकंदांनी प्रत्येक यंत्र कुणा एकाला, हिशोब न बघता, संधी देतं. त्या एका तुकड्यावर नवा माणूस उभा राहतो आणि देऊ लागतो. आपल्याकडे पंगतीत ऐनवेळी आलेल्या पाहुण्यालाही पान मांडतात, तशीच ही गोष्ट. मला या सगळ्या यंत्रणेत हे ३० सेकंद सर्वात जास्त आवडतात. निव्वळ देवघेवीवर उभी केलेली व्यवस्था नव्या माणसाला बाहेरच ठेवते. कोहेनने गणितातच विश्वासाला जागा ठेवली.

राहिला खरेपणाचा प्रश्न, आणि मला वाटतं तो सगळ्यात महत्त्वाचा. अनोळखी लोकांकडून तुकडे घ्यायचे, तर कुणी चुकीचा किंवा मुद्दाम बिघडवलेला तुकडा दिला तर? वर्गातही कुणी घाईत चिपळूणच्या जागी खेड लिहितो. पुढचा त्याच्यावरून उतरवतो आणि चूक पसरत जाते.

जुन्या पोथ्यांची मी इथे मुलांना आठवण करून देते. पोथीची पानं सुटी असत, त्यामुळे एकाच वेळी तीन-चार जण वेगवेगळी पानं उतरवायला बसू शकत. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे ग्रंथ गावोगाव पोचले. पण प्रत्येक हाताबरोबर पाठ थोडा बदले. ज्ञानेश्वरी १२९० सालची. जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथांना तिच्या प्रतींमध्ये इतकी सरमिसळ दिसली की त्यांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम करायला एकनाथांएवढा अधिकारी माणूस लागला.

टोरेंटमध्ये हे काम हॅश करतो. हॅश म्हणजे एक गणिती क्रिया. तिच्यात कितीही मोठा मजकूर घातला तरी ठरावीक लांबीचा एक आकडा बाहेर पडतो, आणि मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा पार बदलून जातो. मूळ फाइल देणारा आधीच प्रत्येक तुकड्याचा हा ठसा काढून ठेवतो. मी सुरुवातीला उतरवलेल्या त्या इवल्या टोरेंट फाइलमध्ये मुख्यतः हेच ठसे असतात. ७०० एमबीचे ५१२ केबीचे तुकडे केले तर ते १४०० होतात, प्रत्येकाचा ठसा २० बाइटचा, म्हणजे सगळे मिळून २८ हजार बाइट. एवढ्याशा चिठ्ठीच्या बळावर माझं यंत्र जगातल्या कुणाही अनोळखी माणसाकडून तुकडा घेतं, त्याचा ठसा काढतं, चिठ्ठीशी ताडून बघतं आणि जुळला नाही तर तुकडा तिथेच फेकून दुसऱ्याकडे मागतं. माणूस ओळखीचा असण्याची गरजच उरत नाही. मूळच्या टोरेंटमध्ये एसएचए-१ नावाचा हॅश वापरत. २०१७ साली संशोधकांनी त्यात एकसारखा ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली करून दाखवल्या, म्हणून नव्या आवृत्तीत त्याहून पक्का एसएचए-२५६ घेतला आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, कारण इथे माझ्या ओळखीचे बरेच जण फसलेत. तुकडा चिठ्ठीबरहुकूम आहे, एवढंच ठसा सांगतो. चिठ्ठी देणारा प्रामाणिक आहे की नाही हे तो सांगू शकत नाही. फुकटात मिळणाऱ्या 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस असेल, तर तो व्हायरसही एकही बाइट न चुकता, शुद्ध स्वरूपात तुमच्या घरी पोचतो. म्हणून चिठ्ठी घ्यायची ती मूळ मालकाच्या दारातूनच.

हे सगळं आलं कुठून? १९९९ साली शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या मुलाने नॅप्स्टर काढलं. गाणी लोकांच्या यंत्रांवरच राहायची, पण कुणाकडे कुठलं गाणं आहे याची यादी नॅप्स्टरच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती. संगीत कंपन्यांनी कोर्टात खेचलं आणि यादी बंद झाल्यावर सगळंच बंद पडलं, जुलै २००१ मध्ये. मधल्या काळात, २००० साली, ग्नुटेला आलं होतं. त्यात यादीच नव्हती. 'अमुक गाणं कुणाकडे आहे?' अशी हाळी शेजाऱ्याला द्यायची, त्याने त्याच्या शेजाऱ्यांना, असं सात घरांपर्यंत. लोक वाढले तसा नुसत्या हाळ्यांचाच कल्लोळ झाला. कोहेनने टोरेंट जाहीर केलं तेही जुलै २००१ मध्येच. त्याने शोधण्याचा प्रश्न बाजूला ठेवला आणि एकच मोठी फाइल खूप लोकांपर्यंत लवकर कशी पोचेल, एवढ्यावरच लक्ष दिलं. माझ्या मते त्याचं यश या मर्यादा घालून घेण्यात आहे.

सुरुवातीला टोरेंटलाही एक मध्यस्थ लागायचा. त्याला ट्रॅकर म्हणतात. तो फाइलला हात लावत नाही, फक्त कोण कोण हजर आहे त्याचा पट ठेवतो आणि नव्याला काही जणांचे पत्ते देतो. ट्रॅकर बंद पडला की नवा माणूस दारातच उभा. त्यावरचा उपाय २००२ साली पेटार मायमुन्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर्स यांनी लिहिलेल्या कॅडेम्लिया नावाच्या पद्धतीतून आला आणि २००५ मध्ये टोरेंटमध्ये रुजला.

ती पद्धत समजायला कोकणातल्या वाडीत घर शोधून बघावं. राजापूरच्या स्टँडवर उतरून तुम्ही अमक्यांचं घर विचारलंत, तर स्टँडवरच्याला घर ठाऊक नसतं, पण गाव कुठल्या दिशेला ते ठाऊक असतं. गावात गेलात की दुकानदार वाडी दाखवतो. वाडीत पोचलात की पहिल्याच अंगणातली आजी म्हणते, "ते फणसाच्या पलीकडचं." कुणाकडेच सगळ्या तालुक्याची यादी नाही. प्रत्येकाला आपल्या जवळचं बारीक ठाऊक आहे आणि लांबचं ढोबळ, आणि तेवढं पुरतं. कॅडेम्लियात प्रत्येक यंत्राला एक लांबलचक क्रमांक असतो, प्रत्येक फाइलला तिच्या ठशाचा क्रमांक असतो आणि दोन क्रमांकांमधलं अंतर मोजायची एक गणिती रीत ठरलेली असते. ज्या यंत्रांचे क्रमांक फाइलच्या क्रमांकाच्या जवळचे, त्यांनी त्या फाइलचा पट सांभाळायचा. दर विचारण्याला आपण निदान निम्म्याने जवळ जातो, म्हणून दहा लाख यंत्रं असली तरी साधारण वीसेक पायऱ्यांत पत्ता लागतो. आता तर टोरेंट फाइलही लागत नाही. चाळीस अक्षरांचा ठसा असलेला 'मॅग्नेट' दुवा मिळाला की यंत्र विचारत विचारत थव्यापर्यंत पोचतं आणि चिठ्ठी थव्याकडूनच घेतं.

आता चोरीबद्दल. दरवर्षी कुणी ना कुणी मुलगा हळूच विचारतो, "बाई, यावर सिनेमा पण येतो ना?" येतो. मी ते लपवत नाही. आणि लॅबमध्ये तो का येणार नाही, हेही सांगते. २०१६ मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी टोरेंटवर आला होता, पडद्यावर 'फॉर सेन्सॉर' अशी अक्षरं असलेली प्रत. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात 'ढिशूम' सिनेमाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. बंदी घातलेली साइट उघडल्यावर जी ताकीद दिसायची, तिच्यावरून लोकांना वाटत होतं की नुसतं बघणं हाच तुरुंगात जाण्याचा गुन्हा. न्यायालयाने म्हटलं, गुन्हा बघण्यात नाही, परवानगीशिवाय वाटण्यात आणि जाहीर दाखवण्यात आहे. अनेकांनी त्यातून सुटकेचा निःश्वास टाकला. पण टोरेंट कसं चालतं हे ज्याला कळलं, त्याला तो निःश्वास टाकता येणार नाही. इथे घेणारा प्रत्येक जण वाटणारा असतोच, आणि त्याचा पत्ता त्या यादीत झेंड्यासकट सगळ्यांना दिसतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०२३ मध्ये सिनेमाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन सिनेमाच्या चोरट्या चित्रीकरणाला आणि प्रसाराला याहून जबर दंड आला.

कायद्याचा धाक मी शेवटी सांगते. आधी हे सांगते की मराठी सिनेमाला थिएटरात मिळतात ते दोन आठवडे, कधी कधी तेवढेही नाही. त्या दोन आठवड्यांत त्याची प्रत फुकट फिरली तर स्पॉटबॉयपासून संकलकापर्यंत कुणाची ना कुणाची मजुरी बुडते. रस्ता चांगला असला म्हणून त्यावरून चोरीचा माल न्यावा असं होत नाही. आणि चोरीचा माल गेला म्हणून रस्ता उखडावा, असंही नाही.

कारण त्या रस्त्यावरून चांगलं खूप काही जातं. उबुंटू, डेबियन, लिब्रेऑफिस हे सगळे स्वतः टोरेंट देतात. इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये आपल्या दहा लाखांहून जास्त गोष्टींचे टोरेंट खुले केले. ट्विटरला आपल्या हजारो सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवायला ४० मिनिटं लागत. २०१० मध्ये त्यांनी टोरेंटवर आधारलेली यंत्रणा केली आणि ते काम १२ सेकंदांवर आलं. विंडोज १० पासून तुमच्या घरातली दोन यंत्रं अपडेटचे तुकडे एकमेकांकडून घेऊ शकतात, त्यातही मुळाशी हीच कल्पना आहे.

आमच्या लॅबमध्ये तिचा सर्वात मोठा उपयोग पुढे झाला. मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता यावा म्हणून किविक्स नावाचा प्रकल्प त्याची एक सलग फाइल देतो, तिचाही टोरेंट असतो. सगळ्या यंत्रांवर ती घालायची होती. पूर्वी मी पेन ड्राइव्ह घेऊन एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात असे, दुपार त्यात जायची आणि एका यंत्राचा व्हायरस सगळ्यांना मिळायचा. या वेळी सगळ्या यंत्रांवर एकदमच टोरेंट सुरू केला. बाहेरून प्रत्येक तुकडा जवळपास एकदाच लॅबमध्ये आला, पुढे यंत्रांनी तो आपापसांत लॅबच्या वायरीवरूनच वाटून घेतला. शाळेच्या बारीक लाइनवर ताण आला नाही. सगळ्या पट्ट्या ठिपक्याठिपक्यांनी एकदम भरत होत्या आणि मुलं या यंत्रापासून त्या यंत्रापाशी धावत होती. आता लाइन गेली तरी मुलं सह्याद्री, मराठा आरमार, किडनी, काहीही शोधून वाचतात.

फक्त त्या दिवशी एक गोष्ट मला टोचली. उबुंटूच्या वेळी झेंड्यांची यादी संपता संपत नव्हती. मराठी विकिपीडियाच्या फाइलसमोर यादीत मोजकीच यंत्रं होती. जो ग्रंथ जास्त लोक घेतात तो आपोआप जास्त लोकांकडून मिळतो. कमी लोकांच्या भाषेतला, कमी घेतला जाणारा ग्रंथ दोन-चार यंत्रांच्या आधाराने तग धरतो. ती बंद झाली की सात नंबरच्या तुकड्यासारखी त्याची एसटी सुटते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून कुणीही कायदेशीरपणे छापू शकतं, वाटू शकतं. अशी कितीतरी मराठी पुस्तकं, जुनी मासिकं, कोश मोकळे झालेत. ते एखाद्या एकाच सर्व्हरवर ठेवले तर त्या सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरतंय तोवरच ते आहेत.

आमच्या लॅबच्या कोपऱ्यात २०१२ च्या त्या अकरातलं एक यंत्र अजून आहे. शाळा सुटल्यावर शिपाईकाका सगळी बटणं बंद करतात, त्या एकावर मात्र मी चिठ्ठी लावली आहे: 'बंद करू नये.' रात्री लाइन रिकामी असते, तेव्हा ते मराठी विकिपीडियाची फाइल मागेल त्याला देत असतं. त्याला खूप वीज लागत नाही, खूप वेगही लागत नाही. वाचकहो, तुम्ही मराठीतलं मोकळं झालेलं काहीही टोरेंटने उतरवलंत, तर १०० टक्के झाल्याबरोबर खिडकी बंद करू नका. एक रात्र तरी ते तसंच चालू राहू द्या.